काळीज जिवंतपणी पाहताना



मटणाच्या दुकानात जाऊन 'काळीज द्या' म्हटले, तर दुकानदार काय देतो? लालसर तपकिरी, मऊ, हाताला जड लागणारा यकृताचा तुकडा. त्याच्या मनात शंका येत नाही. घरी आल्यावर मात्र आपलेच काळीज धडधडते, काळजाचा ठोका चुकतो, काळजात कळ उठते. यकृताला ठोका नाही, श्रोतेहो. आणि कळही जवळजवळ नाहीच. यकृताच्या वरचे आवरण ताणले गेले तर दुखते. आतला गाभा आजारी पडला तरी सहसा अवाक्षर काढत नाही. आपल्या भाषेने सगळ्या भावना ज्या अवयवाच्या पदरी घातल्या, तो शरीरातला सगळ्यात मुका अवयव आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला आठवीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, कांद्याचा पापुद्रा एकच आणि रांगेत आम्ही चाळीस मुली. माझी पाळी येईपर्यंत पापुद्रा वाळून गेला होता. सरांनी तो काढून टाकला, नवा सोलला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि मला परत बोलावले. वाळलेल्यात पेशींच्या भिंती तेवढ्या दिसतात, आतले काही कळत नाही, असे ते सांगत होते. पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले आणि तीस वर्षे यकृताच्या बायॉप्सी पाहिल्या. सगळ्या मेलेल्या. सरांनी काढून टाकलेल्या पापुद्र्यासारख्या. म्हणून आज मी जिवंत यकृताबद्दल बोलणार आहे. ते माणसाचे नाही, खसखशीच्या दाण्याहून लहान असलेले, माशाच्या पिलाचे आहे.

आधी हे सांगते की मेलेल्या तुकड्यात अडचण काय असते.

माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जाते आणि त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून, पचलेले अन्न घेऊन आलेले असते. साखर साठवायची आणि लागेल तशी सोडायची, रक्तातली प्रथिने बनवायची, औषधे आणि विषे मोडून काढायची, दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करायचे. एवढ्या कारखान्यात काय बिघडले हे शोधायला आम्ही सुई घालून शेवईच्या काडीएवढा तुकडा काढतो. तो सगळ्या यकृताचा जेमतेम ५० हजारावा भाग असतो. तो फॉर्मलिनमध्ये टाकतो, मेणात बसवतो, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचे काप काढतो, निळा-गुलाबी रंग देतो आणि पाहतो.

या पद्धतीने लाखो रुग्णांचे निदान झाले, आजही होते. मी तिला कमी लेखत नाही. पण ती काय दाखवते? एका क्षणाचे चित्र. आपल्या एस.टी. स्टँडचा एक फोटो काढला आणि विचारले, की खांबापाशी बॅग घेऊन उभा असलेला हा माणूस आत्ता गाडीतून उतरलाय की गाडीची वाट पाहतोय? फोटो कितीही स्पष्ट असला तरी सांगता येणार नाही. माणूस दिसतो, बॅग दिसते, पण तो येतोय की जातोय ते दिसत नाही.

यकृताच्या बाबतीत हाच प्रश्न आम्हाला वर्षानुवर्षे छळत होता. खूप खराब झालेल्या यकृतात बारीक पित्तनलिकांचे फुटवे दिसतात. आम्ही अहवालात 'पित्तनलिकांची वाढ' असे लिहायचो आणि सही करायचो. पण ती वाढ म्हणजे दुरुस्ती, की बिघाडाचीच पुढची पायरी? त्या नलिकेच्या पेशीशेजारी जी यकृतपेशी दिसते, ती तिच्यातूनच निघाली का? का दोघी नुसत्या शेजारणी? मी असे शेकडो अहवाल लिहिले असतील, आणि या प्रश्नाचे उत्तर माझ्या टेबलावरच्या एकाही काचेत नव्हते. ते क्रमात होते. आधी काय झाले, मग काय झाले, हे मेलेल्या कापात कसे दिसणार? यकृताचे दुखणे तर सगळे क्रमाचेच: आधी चरबी, मग सूज, मग व्रणाचे धागे, मग सिऱ्होसिस. आणि रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा शेवटच्या अंकात.

मग आधीचे अंक पाहायचे कुठे? उघड आहे, जिथे कातडीतून आरपार दिसते तिथे.

ॲक्वेरियमच्या दुकानात निळ्या-पिवळसर पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे चपळ मासे तुम्ही पाहिले असतील. तेच झेब्राफिश. शास्त्रीय नाव डानिओ रेरिओ. हा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतल्या ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा. ईस्ट इंडिया कंपनीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे हा मासा शोभेसाठी जगभर गेला. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी पाळीव माशांच्या दुकानातूनच आणलेले हे मासे वाढवले, आणि १९८१ मध्ये त्यांच्या कामाने दाखवले की पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा आनुवंशिक अभ्यास या माशात नेटाने करता येतो. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा निदान एक तरी भाऊबंद या माशात सापडतो.

पण मला या माशाची ओढ लागली ती आकडेवारीमुळे नाही. त्याची अंडी पाहा. नर आणि मादी रात्री एका डब्यात, मध्ये पडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढतात. थोड्या वेळात शे-दीडशे अंडी खालच्या जाळीतून तळाशी पडतात. जाळी हवीच, नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, काचेसारखे स्वच्छ अंडे. दिवसाभरात हृदय हलू लागते. दोन दिवसांत आतड्याच्या नळीतून यकृताचा कोंब बाहेर आलेला असतो. दोन-तीन दिवसांत पिलू अंड्यातून निघते. पाचव्या दिवशी चार मिलिमीटरच्या पिलात यकृत कामाला लागलेले असते: पित्त बनवते, चरबी हाताळते. आणि हे सगळे आईच्या पोटाबाहेर, पाण्यात, उघड्यावर. यकृत आपल्यात उजवीकडे, या पिलात डावीकडे. म्हणून त्याला डाव्या कुशीवर निजवायचे असते.

जपानमध्ये भातशेतीत राहणारा मेडाका नावाचा आणखी एक छोटा मासा आहे. नागोया विद्यापीठात युको वाकामात्सु यांच्या गटाने २००१ मध्ये त्याची अशी जात तयार केली की मोठेपणीही तिच्या पोटातले अवयव बाहेरून दिसतात. झेब्राफिशची तशी जात २००८ मध्ये आली. एरवी पिले मोठी होऊ लागली की अंगावर रंग चढतो आणि खिडकी बंद होते.

पण नुसते पारदर्शक असून भागत नाही. स्वच्छ काचेच्या पेटीत स्वच्छ काचेचे मणी ठेवले तर काय दिसणार? मण्यांना रंग हवा, आणि तो जिवंतपणी, विष न होता चढायला हवा. इथे आपल्या गोष्टीत समुद्रातला एक जेलीफिश येतो.

ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि तिथून थोड्याच अंतरावर राहत होते. पुढे अमेरिकेत फ्रायडे हार्बर येथे ते सबंध उन्हाळा समुद्रातून जेलीफिश गोळा करत. पुढच्या वर्षांत बायकामुलेही त्यांच्या मदतीला असत. प्रश्न एवढाच होता की हा प्राणी चमकतो कशामुळे. एके दिवशी त्यांनी निरुपयोगी वाटलेला अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने उजळली. मोरीत समुद्राचे पाणी येत होते आणि त्यातल्या कॅल्शियमने तो प्रकाश पेटवला होता. १९६२ मध्ये या निळ्या प्रकाशाच्या प्रथिनाची माहिती छापून आली. त्यासोबत आणखी एका प्रथिनाची नोंद होती, निळा प्रकाश पिऊन हिरवा देणारे. तेच जीएफपी, हिरवे प्रतिदीप्त प्रथिन.

प्रतिदीप्ती म्हणजे काय? बँकेतला रोखपाल पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि एरवी न दिसणारे तंतू चमकतात. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, एवढेच. त्या प्रथिनाचे जनुक १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी वेगळे केले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवले, रॉजर त्सिएन यांनी त्याचे अनेक रंग केले, आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. जेलीफिश का चमकतो, असे विचारणाऱ्याला त्या काळी कोणी सांगितले असते का, की यातून एक दिवस माणसाच्या यकृताचे गुपित कळेल? संशोधनाला 'याचा उपयोग काय?' असे पहिल्याच दिवशी विचारणाऱ्यांना माझी विनंती आहे, त्या मोरीची आठवण ठेवा.

आता हा रंग फक्त यकृतात कसा आणायचा? शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण यकृताच्या पेशीत त्यातली काही ठरावीकच चालू असतात. अशा, यकृतातच चालू होणाऱ्या एका जनुकाची कळ घ्यायची आणि तिच्यापुढे हिरव्या प्रथिनाचे जनुक जोडायचे. अंड्यात पहिल्या पेशीतच ते टोचून सोडायचे. त्यातून वाढलेल्या माशांच्या पुढच्या पिढ्यांत यकृत आपोआप हिरवे उजळते. दुसरी कळ लावली तर पित्तनलिका लाल. तिसरी लावली तर यकृतातल्या तारकापेशी, म्हणजे व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशी. पिलू पोहत असते, खात असते, आणि त्याच्या काळजातल्या एकेका जातीच्या पेशीने आपापल्या रंगाचा दिवा हातात धरलेला असतो.

पुण्यात माझी एक विद्यार्थिनी या माशांवर काम करते. (आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि आयसरमध्ये झेब्राफिशवर काम चालते, हे तरुण श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगते.) निवृत्तीनंतर तिने मला एकदा बोलावले. पिलू कसे निजवतात ते मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. आधी पाण्यात ट्रायकेन नावाचे भुलीचे औषध; पिलाची हालचाल थांबते, हृदय चालू राहते. मग समुद्रशैवालापासून काढलेल्या ॲगरोजचा कोमट थेंब, आपल्या चायना ग्रासच्या जातीचा पण फार कमी उष्णतेला पातळ राहणारा. पिलू त्या थेंबात सोडायचे आणि थेंब गोठायच्या आत त्याला डाव्या कुशीवर वळवायचे. हे वळवायला हत्यार कोणते? काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा एक केस. सुई चालत नाही, टोचते. मुलीने श्वास रोखून त्या केसाने पिलाचे डोके थोडे खाली केले, शेपूट सरळ केली, थेंब गोठला. अर्धा मिनिटही लागले नसेल. इतक्या हळुवारपणे मी माझ्या आयुष्यात कुठलाही नमुना हाताळला नव्हता.

आणि मग पडद्यावर ते यकृत दिसले. तीस वर्षे ज्याचा निळा-गुलाबी काप पाहिला, ते हिरवे, भरीव, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी किंचित हलणारे. यकृत धडधडत नाही असे मी सुरुवातीला म्हणाले. पण शेजारचे हृदय त्याला हलवत राहते. पेशींच्या ओळींमधल्या वाटांतून रक्तपेशी एकामागून एक सरकत होत्या. वळणावर अडकायच्या, मागून दुसरी यायची, मग दोघी पुढे जायच्या. पेशी-पेशींच्या मधल्या पित्ताच्या वाटा एक-दोन मायक्रॉनच्या, केसाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या. मेणातल्या कापात त्या मला तुटक ठिपक्यांसारख्या दिसत आल्या होत्या. इथे ते सलग जाळे होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये पारदर्शक मेडाकाच्या यकृताची अशीच त्रिमित रचना मांडली, तेव्हा हे जाळे किती एकसंध आहे ते स्पष्ट झाले होते. मी तो लेख वाचला होता. पण वाचणे वेगळे.

इथे प्रकाशाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण याच जागी मी चुकले. आतल्या पेशी पाहायला लेझरचा प्रकाश टाकतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात बारीक छिद्रातून एका पातळीचाच प्रकाश आत घेतात; ही कल्पना मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्येच मांडली होती. पण त्यात एक पातळी पाहताना वरचे-खालचे सगळे थरही भाजून निघतात. एकदा मी हट्ट धरला की चित्र आणखी उजळ हवे. लेझर वाढवला, रात्रभर चित्रण लावले. सकाळी पाहिले तर मध्यरात्रीनंतर यकृतपेशी फुगल्या होत्या, फुटल्या होत्या, आणि पिलू मेले होते. आदल्या दिवशी पाण्यात एक औषध घातले होते. त्याचाच हा परिणाम असे आम्ही जवळजवळ मानले. औषध न दिलेले पिलू त्याच लेझरखाली ठेवले, तेही मेले. औषधाचा संबंध नव्हता. मारणारा माझा प्रकाश होता. जिवंत गोष्ट पाहताना पाहण्याची किंमत ती गोष्ट मोजते. तेव्हापासून चित्र थोडे अंधूक आले तरी चालेल, हा माझा नियम.

यावर चांगला मार्ग निघाला तो २००४ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला, यान हुइस्केन आणि अर्न्स्ट स्टेल्झर यांच्या हातून. बंद खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा येतो, तेव्हा त्या कवडशातलीच धूळ दिसते, बाकी हवा अंधारात असते. तसाच प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने माशात घालायचा आणि काटकोनातून पाहायचे. जेवढे पाहायचे तेवढेच उजळते. बाकीचा मासा अंधारात सुखरूप. त्यांनी हे पहिल्यांदा दाखवले तेही मेडाका माशाच्या जिवावर. कवडशात धूळ पाहत तर आपण सगळेच मोठे झालो.

तर, श्रोतेहो, या खिडकीतून दिसले काय? खूप काही दिसले. मद्याचे एक उदाहरण पटकन सांगते: चार दिवसांच्या पिलांना २ टक्के अल्कोहोलच्या पाण्यात ३२ तास ठेवले की त्यांच्या यकृतात चरबी साचते, हे २००९ मध्ये दिसून आले. पण मला मनापासून सांगायच्या आहेत त्या दोन गोष्टी.

पहिली पित्ताची. २००१ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन फार्बर आणि सहकाऱ्यांनी चरबीचा एक असा रेणू वापरला की तो अख्खा असताना चमकत नाही, आतड्यातल्या पाचकरसाने तोडला की हिरवा चमकतो. पाच दिवसांच्या पिलांच्या पाण्यात तो घातला. पिलांनी तो गिळला, पचवला, यकृताने उचलून पित्तात सोडला आणि थोड्या वेळाने प्रत्येक पिलाच्या पोटात पित्ताशय हिरव्या ठिपक्यासारखे उजळले. त्यात काही पिले अशी निघाली की पाहायला सगळे अवयव नीट, पण पित्ताशय नीट उजळेना. या दोषाला त्यांनी 'फॅट-फ्री' नाव दिले. माझ्या टेबलावर त्या पिलाचा काप आला असता तर मी काय लिहिले असते? 'रचना सामान्य.' आणि सही केली असती.

आता ऑस्ट्रेलियात चला. न्यू साउथ वेल्समध्ये बरिनजक नावाचे धरण आहे. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये तिथे एक विचित्र गोष्ट घडली. दुष्काळात धरणाचे पाणी हटले, उघड्या पडलेल्या काठावर तण उगवले आणि गाभण मेंढ्या-गायी ते चरल्या. त्यांची कोकरे आणि वासरे जन्मली ती कावीळ घेऊन. यकृताबाहेरच्या त्यांच्या पित्तनलिका नष्ट झाल्या होत्या. आया मात्र धडधाकट. हाच आजार माणसाच्या बाळांना होतो. त्याला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. साधारण १० ते १५ हजार जन्मांत एका बाळाला. कारण माहीत नाही.

त्या तणातले नेमके कोणते द्रव्य दोषी? एका रोपात शेकडो द्रव्ये. मेंढ्यांवर एकेक करून कोण तपासणार? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकेल पॅक, रिबेका वेल्स आणि त्यांच्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी ते तण मिळवले, त्याच्या अर्काचे भाग पाडले आणि एकेक भाग झेब्राफिशच्या पिलांच्या पाण्यात घातला. कोणत्या भागाने पित्ताशय मोडते ते पाहायचे, तो भाग पुन्हा वाटायचा, पुन्हा पाहायचे. शेवटी एक, पूर्वी कोणाला माहीत नसलेले द्रव्य हाती आले. २०१५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले: बिलिअट्रेसोन. पिलांत ते पित्ताशय आणि यकृताबाहेरच्याच नलिका निवडून मोडत होते, अगदी कोकरांसारखे. बाहेरच्याच का? पुढच्या कामात दिसले की विष निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनचा बचाव त्या पेशींत मुळातच तोकडा असतो. माणसाच्या आया ते तण खातात असे कोणी म्हणत नाही. पण आईला न बाधणारे एखादे द्रव्य गर्भाच्या पित्तनलिका जाळू शकते, हे आता नुसते अनुमान राहिलेले नाही.

हा आजार माझ्या मनात का रुतून बसला आहे, ते सांगते. एकदा चार महिन्यांच्या मुलीची बायॉप्सी माझ्याकडे आली. यकृत जवळपास सिऱ्होसिसला पोचलेले. जन्मापासून कावीळ होती. 'कोवळ्या उन्हात धरा, जाईल', असे घरच्यांना कोणीतरी सांगितले, मग कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले, गळ्यात माळ घातली. शी पांढरट, खडूसारखी होत होती, आणि ते महत्त्वाचे आहे असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. जपानचे मोरिओ कसाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया या आजारात करतात, पण ती बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर यशाची आशा जास्त. त्या मुलीचे ते दोन महिने उन्हात धरण्यात गेले होते. सभागृहात आज्या बसल्या आहेत, तरुण आईबाप आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. हात जोडून सांगते: बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, शी पांढुरकी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि शीचा रंग आपणहून सांगा.

शस्त्रक्रियेची वेळ टळली की उरते यकृताचे प्रत्यारोपण. १९९८ मध्ये दिल्लीत भारतातले पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण झाले. त्या मुलालाही हाच आजार होता, आणि यकृताचा भाग दिला होता त्याच्या वडिलांनी. 'काळजाचा तुकडा' हा शब्द आपण मुलांसाठी किती सहज वापरतो!

तुकडा दिलेल्या बापाचे यकृत पुन्हा वाढते. आणि इथून मी दुसऱ्या गोष्टीकडे येते, माझ्या जुन्या प्रश्नाकडे. नव्या यकृतपेशी येतात कुठून?

थोडे नुकसान झाले तर उरलेल्या यकृतपेशीच दुभंगून जागा भरतात. यावर फारसा वाद नव्हता. पण जवळजवळ सगळ्याच मेल्या तर? माशात हे करून पाहण्याची एक युक्ती आहे. मेट्रोनिडाझोल तुम्हाला माहीत आहे. पोट बिघडले की डॉक्टर देतात ती कडू गोळी. एका जिवाणूचे विकर माशाच्या फक्त यकृतपेशींत घालून ठेवायचे. पाण्यात मेट्रोनिडाझोल घातले की त्या विकरामुळे ते विष बनते, तेही फक्त यकृतपेशींत. शेजारच्या पित्तनलिकांच्या पेशींना धक्का नाही. मग औषध धुऊन टाकायचे आणि पाहत बसायचे.

२०१४ मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे पाहिले, पिट्सबर्गमध्ये डोंगहुन शिन यांच्या आणि चीनमध्ये चोंगचिंगला लिंगफेइ लुओ यांच्या गटाने. पित्तनलिकांच्या पेशींना एक रंग, यकृतपेशींना दुसरा. यकृतपेशींचा रंग जवळपास पुसला गेला. यकृत आक्रसले. मग जे झाले ते कोणत्याही मेलेल्या कापात निर्विवादपणे दिसले नसते: पित्तनलिकेच्या रंगाच्या पेशींत यकृतपेशीचा रंग उमटू लागला. एकाच पेशीत दोन्ही रंग. काही दिवसांतच यकृत पुन्हा भरून आले, आणि नव्या यकृतपेशी बहुतेक सगळ्या पित्तनलिकांतून आलेल्या. स्टँडवरचा तो माणूस आठवतो? एका गाडीतून उतरून दुसरीत चढताना तो इथे सापडला.

माझे जुने अहवाल मी त्यानंतर मनातल्या मनात पुन्हा वाचले. 'पित्तनलिकांची वाढ.' त्यातल्या किती जागी यकृत स्वतःला वाचवायचा शेवटचा प्रयत्न करत होते, आणि मी दोन शब्द लिहून पुढची काच घेतली होती?

सावधपणे बोलले पाहिजे. मासा म्हणजे माणूस नाही. माशाच्या यकृताची मांडणी वेगळी. आपल्या यकृतात रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जशा त्रिकुटाने एकत्र जातात, तशा त्याच्यात जात नाहीत. पाच दिवसांचे पिलू झपाट्याने वाढत असते. साठ वर्षांच्या मधुमेही माणसाचे यकृत तसे नसते. २०१७ मध्ये उंदरात दिसले, की यकृतपेशींचे विभाजन अडवले तरच पित्तनलिकांच्या पेशी पुढे येतात. माणसात ही वाट किती वाहती आहे आणि ती औषधाने रुंद करता येईल का, यावर काम चालू आहे. माशात दिसले म्हणून उद्या गोळी येईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणि त्या जिवाचे काय? हा प्रश्न कोणी विचारला नाही तरी मी विचारते. युरोपातल्या नियमांत स्वतंत्रपणे खाऊ लागलेल्या पिलापासून पुढे संरक्षण सुरू होते. नियम हवेतच. पण पापणीच्या केसाने पिलू वळवणारी ती मुलगी नियमासाठी तसे करत नव्हती. चित्रण संपले की ती ॲगरोज चिमट्याने अलगद फोडते, पिलू स्वच्छ पाण्यात सोडते आणि भूल उतरेपर्यंत शेजारी बसून राहते. पिलाचे आधी डोळे हलतात, मग पंख, मग शेपटीचा एक झटका, आणि ते तळाशी जाते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तिच्यासोबत बसले होते. त्या पिलाच्या यकृतात मोजक्याच पेशींना रंग होता, आभाळात विरळ चांदण्या असाव्यात तसा. कडेच्या एका पेशीवर आम्ही खूण केली. पहाटे पिलू सोडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच पिलू पुन्हा निजवले, तोच कोपरा शोधला. रक्ताच्या त्याच वळणापाशी आमची पेशी होती. आता तिथे दोन होत्या.